सामुराई तलवार? आधी मूठ उघडा!

‘किल बिल’ बघितलाय ना? उमा थर्मन थेट ओकिनावा गाठते, सुशी बार चालवणाऱ्या एका म्हाताऱ्याला पटवते आणि त्याच्याकडून ‘हात्तोरी हान्झो’ तलवार बनवून घेते. २००३ साली तो पिक्चर आला, त्याच वर्षी टॉम क्रूझचा ‘द लास्ट सामुराई’ही आला आणि कताना नावाची ती बाकदार, देखणी तलवार आपल्या पिढीच्या डोक्यात एकदम फिट बसली. हॉस्टेलच्या रूमपासून टू बीएचकेच्या हॉलपर्यंत सगळीकडे ती दिसायला लागली. काळ्या स्टँडवर, एकाखाली एक, दोन-दोन!

तर आता दोन वाईट बातम्या. पहिली म्हणजे, हात्तोरी हान्झो नावाचा माणूस सोळाव्या शतकात खरंच होऊन गेला, पण तो तलवारी बनवायचा नाही. तोकुगावा इएयासूच्या पदरी असलेला तो सामुराई होता. दुसरी म्हणजे, तुमच्या मित्राच्या भिंतीवरची ती तलवार बहुधा चीनमधल्या लाँगच्वान गावातून आलेली आहे. तिथे आजही या तलवारींच्या नकला ढिगाने बनतात.

मग खरी जपानी तलवार ओळखायची कशी? गेले काही महिने मी या प्रश्नाच्या मागे लागलेय. ‘हटके छंद’ या सदरात टाकता येईल असा छोटासा आयटम करायचा, एवढाच सुरुवातीचा विचार होता. पण विषयात शिरले तसं लक्षात आलं की इथे ‘खरी की खोटी’ हा प्रश्न फक्त पैशांचा नाही. एखादी तलवार कुठल्या देशात राहू शकते आणि कुठल्या देशात तिचा भंगार होतो, हेसुद्धा त्याच उत्तरावर ठरतं.

लोखंडाला पाणी पाजणं

आधी थोडं बेसिक. जपानी लोहार ज्या पोलादापासून तलवार घडवतात त्याला ‘तामाहागाने’ म्हणतात. शिमाने प्रांतात लोहवाळू आणि कोळसा मातीच्या भट्टीत तीन दिवस, तीन रात्री जाळून ते काढतात. महायुद्धानंतर या भट्ट्या विझल्या होत्या. १९७७ साली एक पुन्हा पेटवली गेली आणि आज जपानमधल्या तलवार बनवणाऱ्यांना पोलाद तिथूनच जातं. हे पोलाद तापवायचं, ठोकायचं, दुमडायचं, परत ठोकायचं. ‘हजार वेळा दुमडलेली तलवार’ ही शुद्ध थाप आहे. घड्या पडतात साधारण दहा ते पंधरा. पण गणित करा की! दर घडीला थर दुप्पट होतात. दहा घड्यांत १,०२४ आणि पंधरा घड्यांत ३२,७६८. त्या थरांमुळे पात्यावर लाकडासारखी नक्षी उमटते. तिला ‘हादा’ म्हणतात.

आणि मग खरा क्लायमॅक्स, म्हणजे पाणी पाजणं. (हा आपल्या लोहारांचा शब्द इथे इतका चपखल बसतो!) पात्यावर मातीचा लेप देतात. पाठीकडे जाड, धारेकडे पातळ. लालबुंद पातं पाण्यात गेलं की धार झटकन गार होते आणि काचेसारखी कडक बनते. पाठ सावकाश गार होते आणि चिवट राहते. या ओढाताणीत पातं वाकतं. म्हणजे कतानाचा तो फेमस बाक बऱ्याच अंशी पाण्यात येतो! कडक आणि चिवट भाग जिथे भेटतात तिथे धारेलगत धुक्यासारखी पांढरी लहर दिसते. हा ‘हामोन’. जातिवंत तलवारीची ही पहिली खूण आणि नकला करणाऱ्यांचं पहिलं टार्गेटसुद्धा हेच.

१५९६ पूर्वीच्या तलवारी ‘कोतो’, त्यानंतरच्या ‘शिंतो’, मग ‘शिनशिंतो’, अशी कालवारी आहे. ती पाठ करायची गरज नाही. एक तारीख मात्र लक्षात ठेवा, २८ मार्च १८७६. त्या दिवशी मेजी सरकारने हुकूम काढला की लष्कर, पोलीस वगैरे सोडून कोणी कमरेला तलवार लावायची नाही. शेकडो वर्षांचा धंदा बसला. अनेक लोहार सुऱ्या-विळ्यांकडे वळले.

युनिफॉर्मवरची तलवार

आता येऊ या माझ्या आवडत्या भागाकडे. भारतात, आणि खास करून महाराष्ट्रातल्या एखाद्या घरात, जपानी तलवार निघालीच, तर ती सामुराईची असण्यापेक्षा दुसऱ्या महायुद्धातली असण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जपानी लष्कराने युरोपियन घोडदळाच्या धर्तीची, बोटं झाकणारी कड असलेली मूठ स्वीकारली होती. १९३०च्या दशकात राष्ट्रवादाचं वारं चढलं, तशी जुनी शैली परत आली. १९३४ साली अधिकाऱ्यांसाठी ‘शिन गुंतो’ म्हणजे ‘नवी लष्करी तलवार’ आली. तिची मूठ पाकट माशाच्या खरखरीत कातड्यात मढवलेली, वर फितीचं वेटोळं, पितळी साजावर चेरीची फुलं. १९३८ साली थोडे फेरफार होऊन दुसरं मॉडेल आलं. मुठीच्या टोकाला गोंडा असायचा आणि गोंड्याच्या रंगावरून हुद्दा कळायचा. कॅप्टनपर्यंत निळा-तपकिरी, मेजर ते कर्नल लाल-तपकिरी, जनरल असेल तर त्यात सोनेरी.

मधल्या फळीच्या लोकांसाठी, म्हणजे आपल्याकडच्या हवालदार लेव्हलला, १९३५ सालचं मॉडेल होतं. ही तलवार ओळखायला सगळ्यात सोपी. मूठ पूर्ण धातूची. फितीचे वेटोळे असल्यासारखं दिसतं खरं, पण ते ओतकामातच काढलेलं आणि वरून रंग दिलेला. पात्यावर मुठीजवळ चक्क सीरियल नंबर! म्यानावरही नंबर असतो आणि दोन्ही जुळले तर कलेक्टर खूश होतात. ही तलवार सरकारी, कारखान्यातली. सरळ हिशोब.

गोंधळ होतो तो अधिकाऱ्यांच्या तलवारीत. कारण अधिकाऱ्याला स्वतःची तलवार स्वतःच्या पैशाने घ्यावी लागायची. ज्याच्या घरी पणजोबांचं पातं होतं त्याने ते नव्या लष्करी मुठीत बसवून घेतलं. ज्याच्याकडे नव्हतं त्याने दुकानातून रेडीमेड घेतली. बाहेरून दोन्ही सेम टू सेम! एकाच्या आत चारशे वर्षांपूर्वीचं पातं असू शकतं आणि दुसऱ्याच्या आत गिफू प्रांतातल्या सेकी शहरात बनलेलं, पाण्याऐवजी तेलात विझवलेलं, घड्या न घातलेल्या साध्या पोलादाचं पातं. या दुसऱ्या प्रकाराला ‘शोवातो’ म्हणतात. सेकी हे आजही सुऱ्या-कात्र्यांसाठी जगप्रसिद्ध आहे. तुमच्या किचनमधला तो महागडा जपानी चाकू बहुधा तिथलाच.

आणि या दोघांच्या मध्ये आहे तिसरा प्रकार, ‘गेंदाइतो’. त्याच काळातलं, पण जुन्या पद्धतीने तामाहागानेपासून हाताने घडवलेलं पातं. टोकियोच्या यासुकुनी मंदिराच्या आवारात १९३३ पासून १९४५ पर्यंत भट्टी चालायची. तिथे सुमारे आठ हजार पाती अशी बनली.

आजीचं लिंबू आणि कर्नलसाहेबांची चॉपस्टिक

हे सगळं मला पुस्तकी वाटत होतं, तोवर मगरपट्ट्यात नोकरी करणारी माझी एक मैत्रीण कॅन्टीनमध्ये सहज म्हणाली, “अगं, ओरिजिनल सामुराई स्वोर्ड आहे आमच्या गावच्या घरी. पणजोबांनी बर्माहून आणलेली.”

साताऱ्याकडचं गाव. पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. तलवार देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर. खंडेनवमीला बाकी घरांत कोयता, विळा, नांगराचा फाळ पूजतात. यांच्याकडे जपानी तलवार! वर्षानुवर्षं आजी तिला लिंबू आणि रांगोळीने घासून लख्ख करतात, मग हळदी-कुंकू, झेंडूची माळ. मी पातं बाहेर काढलं आणि पोटात गोळा आला. हामोन वगैरे सोडाच, पातं ताटलीसारखं पांढरंफटक, मधे मधे गंजाचे खड्डे.

“मग काय अशीच काळी ठेवायची का गं पोरी?” आजींनी मला विचारलं. “देवाची वस्तू आहे ती.”

त्यांना काय उत्तर देणार?

मुठीला सुतळीने बांधलेली एक कापडी चिठ्ठी होती, शाईने लिहिलेली जपानी अक्षरं, बरीच पुसट. १९४५ साली शरण आलेल्या अधिकाऱ्यांच्या तलवारींना अशा नाव-पलटणीच्या चिठ्ठ्या बांधलेल्या आढळतात. मैत्रिणीने मोबाइलवर ट्रान्सलेट करून पाहिलं, तर अर्धवट एक आडनाव निघालं. आणि तिथून तिच्या डोक्यात बसलं की ही तलवार त्या माणसाच्या घरी परत पाठवायची. “आमच्या पणजोबांचा बिल्ला कोणाच्या घरी पडून असता, तर आम्हाला नसता का हवा?” ती म्हणाली. पॉइंट होता तिचा.

पण परत पाठवायची म्हणजे आधी ती काय आहे ते कळायला हवं. पुण्यात कॅम्पात राहणाऱ्या एका निवृत्त कर्नलसाहेबांचा हा चाळीस वर्षांचा छंद. आम्ही तलवार घेऊन गेलो. म्हणजे आधी तिने पोलीस स्टेशनात रीतसर चौकशी केली, मगच गेलो. तलवार बॅडमिंटनच्या बॅगेत घालून स्कूटीवर फिरवण्याची चीज नाही.

कर्नलसाहेबांनी पात्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. “हे आजींनी पुसून टाकलंय. बाळा, हिचं आधार कार्ड आत आहे,” असं म्हणून त्यांनी मुठीवर बोट ठेवलं.

जपानी मूठ पात्याला चिकटवलेली नसते, हे मला तोवर माहीत नव्हतं. सगळा डोलारा बांबूच्या एका छोट्या खुंटीवर उभा असतो. तिला ‘मेकुगी’ म्हणतात. कर्नलसाहेबांनी ती लाकडी चॉपस्टिक आणि पिटुकल्या हातोडीने ठोकून बाहेर काढली. मग डाव्या हाताने तलवार उभी धरून उजव्या मुठीने मनगटावर हलकेच ठोसे मारले. तिसऱ्या ठोशाला मूठ सैल झाली आणि पात्याचा आतला भाग, ‘नाकागो’, ऐंशी वर्षांनी उजेडात आला. आजींच्या लिंबापासून वाचलेला तेवढाच भाग!

गंज वाचायला शिका

नाकागोवरचा गंज हा घाण नसतो, तो दस्तऐवज असतो. हे एक वाक्य जरी लक्षात ठेवलंत तरी माझं काम झालं. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या पात्यावर तो गंज काळपट चॉकलेटी, गुळगुळीत, जणू कातड्यासारखा दिसतो. युद्धकाळातल्या पात्यावर राखाडी-तपकिरी. केशरी पावडरीसारखा ताजा गंज दिसला तर समजा, कोणीतरी अलीकडेच ‘जुनी’ बनवलीय. म्हणून नाकागो कधी घासायचा नाही. गंज घासला की वयाचा पुरावा गेला आणि त्याबरोबर पात्याची किंमतही गेली.

मग कानशीच्या रेघा बघायच्या. जुन्या पात्यावर झिजलेल्या, नव्यावर ठसठशीत. भोकं मोजायची. शेकडो वर्षांत मालक बदलले, मुठी बदलल्या, लांब ‘ताची’ तलवारी कापून आखूड केल्या गेल्या. अशा पात्यांना दोन-तीन भोकं असतात आणि कापताना बनवणाऱ्याची सहीसुद्धा गेलेली असते. त्यामुळे सही नाही म्हणजे माल फालतू, असं अजिबात नाही.

उलटंही खरं. सही आहे म्हणजे माल अस्सल, असंही नाही! मोठ्या उस्तादांच्या नावाच्या खोट्या सह्या शेकडो वर्षांपासून कोरल्या जातायत. जपानीत त्याला खास शब्दच आहे, ‘गिमेई’. हसू नका, आपल्याकडेही हेच झालंय. मराठेशाहीत युरोपियन पाती आणून देशी मुठी बसवायचे, ती ‘फिरंग’. त्यातल्या कितीतरी पात्यांवर अँड्रिया फेरारा या इटालियन कारागिराचं नाव दिसतं. त्या बिचाऱ्याने एवढी पाती बनवायला दहा जन्म घ्यायला हवे होते. ब्रँडच्या नावाने माल खपवणं हा काही फॅशन स्ट्रीटचा शोध नाही.

तारीख कोरलेली असेल तर तुमची मजा आहे. युद्धकाळातल्या तारखा बहुधा ‘शोवा’ या कालगणनेत असतात. शोवाच्या आकड्यात १९२५ मिळवा, इसवी सन हजर. शोवा १८ म्हणजे १९४३. जुन्या पात्यांवर महिना पाहिलात तर वारंवार दुसरा नाहीतर आठवाच दिसेल. लोहार काय फक्त फेब्रुवारी-ऑगस्टमध्येच कामाला यायचे? नाही, तो रिवाज होता.

आणि शेवटी शिक्का. इथेच आमचा निकाल लागला. मैत्रिणीच्या तलवारीवर छान पाच-सहा अक्षरांची सही होती. ती जवळजवळ उडीच मारणार होती. पण सहीच्या वर, तांदळाच्या दाण्याएवढा एक शिक्का होता. कर्नलसाहेबांनी भिंग दिलं. “सेकीचा. म्हणजे शोवातो.” लष्कराने पारखलेल्या, हाताने घडवलेल्या पात्यांवर ताऱ्याचा शिक्का सापडतो. सेकीचा किंवा शोवाचा छोटा शिक्का म्हणजे, ‘हे पातं पारंपरिक पद्धतीचं नाही.’ जीएसटी बिलासारखी क्लिअर गोष्ट.

“पण सर, सही आहे ना!”

“आहे. त्या माणसाने काम केलंय, सही केलीय. फक्त हे ते काम नाही.”

घरी जाऊ न शकणारी तलवार

इथून पुढे गोष्ट सिरियस होते.

जपानमध्ये १९५८ सालचा बंदुका आणि तलवारींविषयीचा कायदा आहे. तलवार घरात ठेवायची तर तिची नोंदणी हवी. नोंदणीचा कागद, ‘तोरोकुशो’, देतो कोण? पोलीस नव्हे, प्रांताचं शिक्षण मंडळ. कारण नोंद होते ती कलावस्तू म्हणून. पारखी लोक पातं बघतात. पारंपरिक पद्धतीने घडवलेलं असेल तर कागद मिळतो. कारखान्यात बनलेलं असेल तर ते निव्वळ हत्यार, त्याला नोंदणी नाही आणि नोंदणी नसलेल्या तलवारीचा शेवट नष्ट होण्यातच. म्हणजे ज्या जपानी अधिकाऱ्याने ती बर्मापर्यंत नेली, त्याच्या नातवाला ती त्याच्याच देशात कायद्याने घरात ठेवता येणार नाही!

बरं, समजा आत जुनं, दोनशे वर्षांपूर्वीचं पातं निघालं असतं. मग जपानने दार उघडलं असतं, पण आपल्या देशाने अडवलं असतं. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलासंपत्ती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू ही पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर पाठवायचा हक्क खासगी व्यक्तीला नाही. मूळची भारतीय असो वा नसो. त्यामुळे दोन्ही कायद्यांच्या फटीतून निसटून घरी जाऊ शकते ती फक्त मधली जात, युद्धकाळातली पण हाताने घडवलेली तलवार. तीसुद्धा शस्त्र म्हणून लागणारे परवाने काढून. आणि या फटीचीही मुदत आहे. १९३४ ची तलवार २०३४ साली शंभर वर्षांची होईल.

म्हणजे शिक्का ओळखणं ही फक्त हौशी कलेक्टरची हुशारी नाही, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. तांदळाच्या दाण्याएवढ्या खुणेवर त्या तलवारीचा पत्ता ठरला होता.

मैत्रीण थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “चिठ्ठीला तर कोणी अडवत नाही ना?” कापडी चिठ्ठीचे चांगले फोटो काढून, पणजोबांच्या पलटणीचं नाव आणि त्यांच्या कागदपत्रांतल्या तारखा जोडून तिने जपानी वकिलातीकडे चौकशी पाठवलीय. तलवार गावी परत गेली. दसऱ्याला आता हळदी-कुंकू म्यानाला लागणार, पात्याला नाही. हे आजींकडून मान्य करून घ्यायला कर्नलसाहेबांना फोनवर पाऊण तास लागला.

शेकोटीवरची ट्रॉफी

या तलवारी इथवर आल्या कशा, हेही भारी आहे. बर्मात लढलेल्या चौदाव्या आर्मीत बहुसंख्य जवान भारतीय होते. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला जपान्यांना रोखून धरणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात, जे पुढे लेफ्टनंट जनरल झाले, त्यांनी जानेवारी १९४५ मध्ये आराकानातल्या कांगॉला पंजाब रेजिमेंटच्या बटालियनचं नेतृत्व केलं आणि त्यांना डीएसओ मिळालं. युद्ध संपल्यावर जनरल मॅकआर्थरचं म्हणणं होतं की तलवार सुपूर्द करण्याचा समारंभ जुनाट आहे, नको. चौदाव्या आर्मीच्या जनरल स्लिमने ते ऐकलं नाही. त्याच्या हाताखालच्या सैन्यासमोर जपानी अधिकाऱ्यांनी आपापल्या तलवारी दिल्याच. जनरल किमुराची तलवार पुढे स्लिमच्या घरी, शेकोटीवरच्या फळीवर विराजमान झाली.

मराठ्यांची पहिली बटालियन तर १९४६ मध्ये जपानलाच गेली. तिथे तैनात झालेल्या राष्ट्रकुल फौजेत ब्रिगेडियर थिमय्यांच्या भारतीय ब्रिगेडमध्ये ती होती आणि ब्रिगेडचा मुक्काम शिमाने भागात होता. हो, तेच शिमाने, जिथलं पोलाद!

त्या काळात दोस्त राष्ट्रांनी जपानमधल्या तलवारी सरसकट जप्त केल्या. पोलीस ठाण्यांत ढीग लागले. काही वितळवल्या, काही समुद्रात बुडवल्या, काही सैनिकांनी आठवण म्हणून नेल्या. जुन्या पात्यांचे जाणकार होन्मा जुंजी आणि अमेरिकन कर्नल कॅडवेल यांनी मिळून कलावस्तू ठरणाऱ्या तलवारी वेगळ्या काढायची सोय केली नसती, तर बरंच काही कायमचं गेलं असतं. टोकियोतल्या आकाबाने डेपोतून पाच हजारांहून अधिक पाती अशी वाचली.

तरी जे जायचं ते गेलंच. मासामुने हा जपानचा सर्वश्रेष्ठ तलवारसाज मानला जातो. त्याची ‘होन्जो मासामुने’ तोकुगावा घराण्यात पिढ्यानपिढ्या होती, १९३९ साली राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेली. डिसेंबर १९४५ मध्ये तोकुगावा इएमासा यांनी कायदा पाळून ती घराण्याच्या इतर तलवारींबरोबर मेजिरो पोलीस ठाण्यात जमा केली. जानेवारीत ती एका अमेरिकन सार्जंटच्या ताब्यात दिल्याची नोंद सांगितली जाते. पण नोंदीतलं नाव ऐकून लिहिलेलं, वेडंवाकडं. त्या नावाचा सार्जंट कधी सापडला नाही. तलवारही नाही. आजही जगातल्या कुठल्या तरी माळ्यावर ती असेल या आशेवर कलेक्टर मंडळी जुने पेटारे उघडत असतात.

सुटका झालेलीही एक गोष्ट आहे. वॉल्टर कॉम्प्टन नावाच्या अमेरिकन संग्राहकाला कळलं की आपण घेतलेलं कुनिमुनेचं पातं हे कागोशिमाच्या तेरुकुनी मंदिराचा हरवलेला राष्ट्रीय ठेवा आहे. त्याने १९६३ मध्ये ते परत केलं. एक पैसा न घेता.

‘कूल’ म्हणण्याआधी

एक गोष्ट मात्र बोलायलाच हवी, कारण या छंदात ती पटकन गालिच्याखाली ढकलली जाते. शिन गुंतो ही काही फक्त परेडची शोभा नव्हती. ऑक्टोबर १९४३ मध्ये न्यू गिनीतल्या आयतापेला ऑस्ट्रेलियन सार्जंट लेनर्ड सिफ्लीटचा अशाच तलवारीने शिरच्छेद करतानाचा फोटो आहे. तो एकदा पाहिला की तलवारीच्या बाकाचं कौतुक करताना जीभ अडखळते. १९३७ मध्ये तर टोकियोच्या वर्तमानपत्रांनी दोन अधिकाऱ्यांमधली ‘आधी शंभर जण कोण कापतो’ ही शर्यत स्पोर्ट्स न्यूजसारखी छापली होती. दोघांना १९४८ साली नानजिंगमध्ये मृत्युदंड झाला. शर्यतीच्या तपशिलांवर वाद आहेत, पण ती बातमी पेपरात छापून आली होती, यावर नाहीत.

मला विचाराल तर म्हणूनच लष्करी तलवार हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावायची वस्तू नाही. ठेवा, जपा, अभ्यास करा. पार्टीत उपसून सेल्फी नको, प्लीज!

घ्यायचीच असेल तर

आधी कायदा. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची तलवार ही शस्त्रं या सदरात येते. तुमच्या भागात परवाना लागतो का, हे पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत विचारा. परदेशातून ऑनलाइन मागवून कस्टममध्ये अडकली की छंद महागात पडेल. खरं तर सुरुवातीला खरेदी नकोच. हैदराबादच्या सालारजंग म्युझियममध्ये जपानी तलवारी आहेत, वीकेंडला जाऊन बघून या. टोकियोला ऑफिसच्या कामाने गेलात तर र्योगोकुचं तलवार म्युझियम चुकवू नका. १९४८ साली स्थापन झालेली जपानी तलवारींच्या जतनाची संस्था ते चालवते आणि तिचं प्रमाणपत्र या धंद्यात सगळ्यात जास्त मानलं जातं.

घरात निघालीच एखादी, तर पात्याला बोट लावू नका. आपल्या घामाने काही दिवसांत ठसा उमटतो. धार वर ठेवून सावकाश उपसा. एका बल्बखाली तिरकी धरा. खरा हामोन प्रकाशाबरोबर हलतो, त्यात धुकं किंवा चांदण्यांसारखे बारीक कण दिसतात. ॲसिडने काढलेला नुसता पांढऱ्या पेनाने मारल्यासारखा सपाट दिसतो. धारेला काटकोनात केसाएवढी चीर दिसली तर ते पातं संपलं, कितीही जुनं असलं तरी.

आणि बफिंग मशीनवाल्याकडे? चुकूनही नाही. जपानी शिकलगार दगडांवर दगड बदलत एका पात्यावर आठवडे घालवतो आणि इंचाच्या हिशोबाने पैसे घेतो. साध्या शोवातोवर तो खर्च कोणी करत नाही, कारण तलवारीपेक्षा पॉलिशच महाग पडेल. आहे तो गंज वाढू द्यायचा नाही, एवढंच आपल्या हातात.

त्यासाठी जपानी लोक ‘चोजी’ तेल वापरतात. चोजी म्हणजे चक्क लवंग! पण म्हणून दातदुखीची बाटली आणून ओतू नका. आजकालचं चोजी तेल म्हणजे बहुतेक मिनरल ऑइल, लवंगेचा नुसता वास असलेलं. शिलाई मशीनचं स्वच्छ तेलही चालतं. सुती कापडाने अगदी पुसट हात फिरवायचा, तोही फक्त पात्यावर, नाकागोवर नाही. मग तलवार आडवी, धार वरच्या बाजूला ठेवून, कपाटात. आणि मुंबई-कोकणात राहत असाल तर जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला एकदा काढून बघायची.